शिट्टी आणि सुरा : स्पेनमधील फुटबॉल आणि पोलिसांचा बंदोबस्त

14 जून 1925 रोजी बार्सेलोना शहरातील लेस कोर्त्स या मैदानावर ओर्फेओ काताला या नामांकित कातालान गायनमंडळाच्या सन्मानार्थ फुटबॉलचा एक सामना योजिला होता. त्या प्रसंगी ब्रिटिश आरमाराच्या वाद्यवृंदाने स्पेनचे राजगीत वाजविण्यास प्रारंभ करताच प्रेक्षकांनी शिट्ट्यांचा कल्लोळ केला. आणि त्याच वादकांनी आपल्या देशाचे राजगीत सुरू केले, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जनरल प्रिमो दे रिव्हेरा यांच्या लष्करी सरकारने या अपराधाबद्दल मैदान सहा महिने बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि बार्सेलोना क्लबचे संस्थापक होआन गांपेर यांना अध्यक्षपद सोडून काही काळ देशाबाहेर जाऊन राहावे लागले. अपराध काय तो शिट्टीचा होता.

स्पेनमधील फुटबॉलचे सामने, त्यांच्या निमित्ताने होणारे दंगे आणि ते आवरण्यासाठी केला जाणारा बंदोबस्त या प्रश्नाचा आढावा मी या प्रसंगापासून आरंभितो, याचे कारण असे, की पुढील शतकभरात या देशातून राजा गेला, प्रजासत्ताक आले, यादवी झाली, हुकूमशाही बसली आणि अखेर लोकशाही नांदू लागली, तरीही प्रेक्षागाराकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी फारशी पालटली नाही. प्रेक्षकांच्या कंठातून निघणारा आवाज सत्तेला नेहमी आधी ऐकू आला. त्यांच्यापैकी काहींच्या खिशातला सुरा तिला फार उशिरा दिसला, आणि तो दिसल्यावर जे कायदे झाले, ज्या नोंदवह्या उघडल्या गेल्या आणि जे दंड बसविले गेले, त्यांचा रोखही हळूहळू पुन्हा आवाजाकडेच वळत गेला. या ओढीमुळे स्पेनचे नुकसान झाले आहे, असे माझे मत आहे, आणि ते नुकसान माणसांच्या प्राणांत मोजावे लागते.

हुकूमशहा फ्रँको यांच्या 36 वर्षांच्या राजवटीचा येथे धावता उल्लेख पुरे. सभा, मिरवणूक आणि निवडणूक यांना मज्जाव असलेल्या त्या मुलखात हजारो माणसांना एकत्र जमण्याची मुभा असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी फुटबॉलचे मैदान हे एक होते, आणि त्याची राखण करीत असत राखाडी गणवेशातील सशस्त्र पोलीस, ज्यांचे काम प्रेक्षकांचे रक्षण करणे हे नसून प्रेक्षकांपासून राज्याचे रक्षण करणे हे होते. 13 जून 1943 रोजी माद्रिदच्या चामार्तिन मैदानावर, पहिला सामना 3–0 असा गमावून बसलेल्या रिअल माद्रिदने बार्सेलोनाचा 11–1 असा पराभव केला. त्या सामन्यापूर्वी राज्याच्या सुरक्षाखात्याचा एक बडा अंमलदार बार्सेलोनाच्या खेळाडूंच्या खोलीत येऊन ताकीद देऊन गेला, ही कथा आजही सांगितली जाते. तिच्या तपशिलाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना त्यानंतर पायउतार व्हावे लागले, ही गोष्ट त्या काळाविषयी पुरेसे सांगून जाते. फ्रँको यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, 5 डिसेंबर 1976 रोजी, सान सेबास्तियानच्या आतोचा मैदानावर रेआल सोसिएदाद आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या दोन बास्क संघांचे कर्णधार कोर्ताबारिया आणि इरिबार हे बंदी असलेला बास्क ध्वज दोन टोकांना धरून मैदानात उतरले, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने त्या ध्वजावरील बंदी उठविली. बंदोबस्ताचा जुना अर्थ त्या दिवशी संपला. नवा अर्थ अद्याप कोणी ठरविला नव्हता.

या पोकळीतच नवी पिढी प्रेक्षागारात शिरली. स्पेनमध्ये क्लबांच्या चाहत्यांच्या मंडळ्यांना पेन्या म्हणतात, आणि त्यांची परंपरा मोठी जिव्हाळ्याची आहे: गावोगावच्या खानावळींतून भरणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या, वर्षातून एकदोनदा बस ठरवून मोठ्या शहरात सामना पाहावयास जाणाऱ्या या मंडळ्यांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे असतात. देश विस्तीर्ण असल्यामुळे आणि शहरे एकमेकांपासून दूर असल्यामुळे परगावच्या संघामागे हजारोंनी जाण्याची इंग्लंडसारखी चाल येथे पूर्वी नव्हती; परिणामी दोन संघांच्या चाहत्यांना वेगळे ठेवण्याची विद्याही पोलिसांना शिकावी लागली नव्हती. सत्तरीच्या उत्तरार्धात इटलीतील आणि पुढे इंग्लंडमधील तरुण चाहत्यांचे अनुकरण करणारे गट गोलामागील स्वस्त जागांवर उभे राहू लागले. सेव्हियाचे बिरिस हे 1975 चे. रिअल माद्रिदचे उल्त्रास सूर 1980 च्या सुमारास, बार्सेलोनाचे बोइशोस नोइस 1981 मध्ये आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदचे फ्रेंते अ‍ॅटलेटिको 1982 मध्ये उदयास आले. आणि त्याच 1982 साली स्पेनमध्ये विश्वचषक भरला, तेव्हा परदेशी चाहत्यांचे झेंडे, घोषणा आणि मारामाऱ्या या तरुणांनी जवळून पाहिल्या. बिरिस या गटाने आपले नाव सेव्हियाकडून खेळणाऱ्या बिरी बिरी या गांबियन खेळाडूवरून घेतले होते, ही गोष्ट पुढे ज्या वंशद्वेषाचे वर्णन करावयाचे आहे त्याच्या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ऐंशीच्या दशकात या गटांपैकी कित्येकांत नवनाझी विचारांचे मुंडितमस्तक तरुण घुसले. काही गट त्यांच्या विरोधात डावीकडे, तर काही प्रादेशिक राष्ट्रवादाकडे झुकले. आणि राजकीय पक्षांनी लोकशाहीच्या स्थापनेसाठी ज्या वैरांवर पडदा टाकला होता, ती वैरे गोलामागच्या पायऱ्यांवर उघडपणे नांदू लागली. कार्लेस विन्यास या इतिहासकाराने 2005 साली या गटांचा सविस्तर अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तोवर स्पेनमधील सुशिक्षित वर्गाने या जगाकडे तुच्छतेनेच पाहिले होते.

रक्त सांडले ते बार्सेलोनात. जानेवारी 1991 मध्ये एस्पान्योल संघाच्या सारिया मैदानाच्या परिसरात, सामना संपल्यानंतर, बोइशोस नोइसच्या टोळीने एस्पान्योलच्या चाहत्यांवर हल्ला केला आणि एका फ्रेंच तरुणास सुऱ्याने ठार केले. पुढच्या वर्षी, मार्च 1992 मध्ये, त्याच सारिया मैदानात एस्पान्योल आणि कादिस यांच्या सामन्यात समोरच्या बाजूने सोडलेला अग्निबाण येऊन 13 वर्षांच्या एका मुलाच्या छातीत घुसला. तो अग्निबाण समुद्रावर संकटसूचनेसाठी वापरतात त्या जातीचा होता. मारणाऱ्यांचा त्या मुलाशी काही द्वेष नव्हता, त्याचे नावही त्यांस ठाऊक नव्हते. आणि म्हणूनच या मृत्यूने स्पेनला जितके हादरविले, तितके आधीच्या कोणत्याही मारामारीने हादरविले नव्हते.

राज्याच्या बाजूने हालचाल याच्या थोडी आधीच सुरू झाली होती. 29 मे 1985 रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर 39 माणसे मेली, त्यानंतर युरोपीय परिषदेने प्रेक्षकांच्या हिंसेविषयी जो करार केला तो स्पेनने 1987 साली मान्य केला. सिनेटने 1988 मध्ये एक खास चौकशी समिती नेमली आणि तिने 1990 मध्ये आपला अहवाल दिला. त्या वर्षीच्या क्रीडा कायद्यात हिंसाप्रतिबंधाचे स्वतंत्र प्रकरण आले, हिंसाविरोधी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि प्रेक्षागारात दारू विकण्यास बंदी झाली. दंगली आवरण्यासाठी राष्ट्रीय पोलिसांची खास पथके 1989 मध्ये उभी राहिली होती. सारियातील त्या मुलाच्या मृत्यूनंतर, 1993 च्या नियमावलीने, ही सगळी व्यवस्था एका चौकटीत बसविली, आणि ती चौकट थोड्याफार फरकाने आजही कायम असल्यामुळे तिचे कामकाज समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक मोठ्या मैदानासाठी पोलीसखात्यातील एका अधिकाऱ्याची सुरक्षा समन्वयक म्हणून नेमणूक होते, आणि सामन्याच्या दिवशी बंदोबस्तापुरता त्याचा शब्द अखेरचा असतो. सारे प्रेक्षागार दृष्टिपथात राहील अशा जागी त्याच्यासाठी नियंत्रणकक्ष असतो. तेथे कॅमेऱ्यांची चित्रे येतात, ध्वनिक्षेपकाची सूत्रे असतात, आणि क्लबच्या सुरक्षाप्रमुखासह बंदोबस्ताशी संबंधित अंमलदार तेथून परस्परांशी संपर्क ठेवतात. दरवाजांवरील झडती आणि पायऱ्यांमधील देखरेख हे क्लबने नेमलेल्या खाजगी रखवालदारांचे काम. त्यांच्या मागे पोलीस. बाहेरच्या रस्त्यांवर घोडेस्वार आणि दंगलविरोधी पथके. बास्क प्रांतात हे काम एर्त्साइन्त्सा या प्रांतिक पोलिसांकडे, तर कातालोनियात मोसोस यांच्याकडे आहे. एखादा सामना धोक्याचा वाटल्यास आयोग तो अतिजोखमीचा म्हणून आगाऊ घोषित करतो, आणि मग जादा कुमक, पाहुण्या चाहत्यांसाठी अलग विभाग, त्यांची पोलिसांच्या गराड्यातून ने-आण आणि तिकिटांवर नियंत्रण या साऱ्या गोष्टी आपोआप ओघाने येतात. या घोषणेचे महत्त्व किती आहे, ते पुढे दिसेल. क्लबांनी आपल्या चाहत्यांच्या गटांची नोंदवही ठेवावी, ती समन्वयकास दाखवावी आणि हिंसेत सापडलेल्या गटास कोणतीही मदत करू नये, अशीही सक्ती आहे.

नोंदवहीच्या या अटीमागे एक लज्जास्पद इतिहास होता. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मोठ्या क्लबांच्या चालकांनी या टोळ्यांना नुसते सहन केले नाही, तर पोसले: त्यांच्या झेंड्यांसाठी आणि ढोलांसाठी प्रेक्षागारातच खोल्या दिल्या, तिकिटे सवलतीने दिली, परगावच्या प्रवासाची सोय केली, आणि मोबदल्यात सामन्याच्या वेळी आवाज व क्लबच्या निवडणुकीच्या वेळी पाठबळ घेतले. 1 एप्रिल 1998 रोजी माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर बोरुस्सिया डॉर्टमुंडविरुद्धचा युरोपीय चषकाचा उपांत्य सामना सुरू होण्यापूर्वी उल्त्रास सूरचे तरुण कुंपणाच्या जाळीवर चढले, ती जाळी कोसळली आणि तिच्याशी दोरांनी बांधलेला गोलही तिच्याबरोबर जमिनीवर आला. बदली गोल क्लबच्या सरावाच्या मैदानावरून आणवावा लागला, आणि साऱ्या युरोपाच्या डोळ्यांदेखत सामना तासाभराहून अधिक काळ खोळंबला. एवढे होऊनही त्या टोळीला त्या बाजूच्या पायऱ्यांवरून हलविण्यास आणखी पंधरा वर्षे जावी लागली. क्लबचे अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेस यांनी ते पाऊल उचलले तेव्हा 2013 हे वर्ष संपत आले होते. त्यांच्या दहा वर्षे आधी, 2003 मध्ये बार्सेलोनाचे अध्यक्ष झालेले होआन लापोर्ता यांनी बोइशोस नोइसला मैदानाचे दरवाजे बंद केले आणि त्यापायी स्वतःला व कुटुंबाला मिळालेल्या धमक्या सोसल्या. या एका कृत्याला मी स्पेनच्या साऱ्या दंडविधानाहून अधिक मोल देतो, कारण टोळीची रसद तोडण्याचे सामर्थ्य पोलिसांपाशी नव्हते, क्लबपाशी होते.

मैदानाच्या आत कॅमेरे बसले, खुर्च्या बसल्या, कुंपणे निघाली, तशी हिंसा बाहेर गेली. एका बाजूने बांध घातलेले पाणी दुसऱ्या ओघळीने वाट काढते, तसे झाले. 8 डिसेंबर 1998 रोजी अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि रेआल सोसिएदाद यांच्या सामन्यापूर्वी विसेन्ते काल्देरोन मैदानाच्या बाहेर सोसिएदादच्या एका तरुण चाहत्यास भोसकण्यात आले आणि तो दगावला. मारणारा फ्रेंते अ‍ॅटलेटिकोमधील बास्तिओन या नवनाझी उपगटाचा होता आणि त्यास 17 वर्षांची कैद झाली. ऑक्टोबर 2003 मध्ये सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे, स्थानिक कोम्पोस्तेला संघ आणि देपोर्तिव्हो यांच्यातील चषक सामन्यानंतर, देपोर्तिव्होच्याच काही दांडगटांनी कोम्पोस्तेलाचा सदरा घातलेल्या एका मुलास घेरले. त्यास सोडविण्यासाठी मध्ये पडलेला गृहस्थ स्वतः देपोर्तिव्होचा चाहता होता, आणि त्यांच्या लाथेने तो मेला. दोन चाहत्यांमधील वैर असे या प्रश्नाचे जे सोपे निदान केले जाते, ते या घटनेपुढे टिकत नाही.

जुलै 2007 च्या कायद्याने क्रीडाक्षेत्रातील हिंसेबरोबरच वंशद्वेष, परदेशीयांचा द्वेष आणि असहिष्णुता यांनाही कक्षेत घेतले, आयोगाची पुनर्रचना केली, आणि अतिगंभीर अपराधास 6 लाख 50 हजार युरोंपर्यंत दंड व पाच वर्षांपर्यंत मैदानबंदी ठरविली. त्या कायद्याचा मसुदा वाचताना त्याच्या कर्त्यांच्या सद्धेतूविषयी शंका येत नाही. परंतु कायद्याची कसोटी लागली ती 30 नोव्हेंबर 2014 च्या रविवारी, आणि तीत तो उतरला नाही.

त्या दिवशी दुपारी बारा वाजता काल्देरोनवर अ‍ॅटलेटिको आणि देपोर्तिव्हो यांचा सामना होता. फ्रेंते अ‍ॅटलेटिको आणि देपोर्तिव्होचे रियासोर ब्लूज या दोन गटांचे वैर जुने आणि जगजाहीर. एक अति-उजवा, दुसरा डावा. असे असूनही हा सामना अतिजोखमीचा म्हणून घोषित झालेला नव्हता, कारण रियासोर ब्लूज माद्रिदला येत असल्याची खबर पोलिसांपर्यंत पोहोचलीच नव्हती. सकाळी नऊच्या सुमारास मान्सानारेस नदीच्या काठावर, मैदानापासून हाकेच्या अंतरावर, दोन्ही गटांची शेकडो माणसे काठ्या, लोखंडी गज आणि सुरे घेऊन एकमेकांस भिडली. देपोर्तिव्होच्या 43 वर्षांच्या एका माणसाला बेदम मारून नदीच्या थंड पाण्यात फेकण्यात आले, आणि तो इस्पितळात मेला. सामना ठरल्या वेळी खेळविला गेला. मारेकऱ्यांची ओळख पटत नाही या सबबीवर न्यायालयाला तपास दप्तरदाखल करावा लागला. ज्या राज्यापाशी दोन दशकांची नियमावली, आयोग, नोंदवह्या, खास पथके आणि खबर गोळा करणारे स्वतंत्र दप्तर होते, त्याला राजधानीच्या मध्यभागी, दिवसाउजेडी, शेकडो माणसांच्या नियोजित लढाईची आगाऊ गंधवार्ता लागली नाही. आणि लढाई झाल्यावर खुनीही सापडले नाहीत. या एका दिवसाची कारणमीमांसा स्पेनने जेवढ्या खोलवर जाऊन करावयास हवी होती, तेवढी केली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

त्याऐवजी काय झाले? अ‍ॅटलेटिकोने फ्रेंतेची अधिकृत मान्यता काढून घेतली, ते योग्यच झाले. परंतु हाव्हिएर तेबास यांच्या अध्यक्षतेखालील ला लिगाने आणि सरकारच्या क्रीडापरिषदेने आपला मुख्य मोर्चा वळविला तो घोषणांकडे: प्रत्येक सामन्यात कोणत्या मिनिटाला, कोणत्या पायऱ्यांवरून, किती माणसांनी, किती सेकंद कोणती शिवी हासडली याच्या नोंदी तयार होऊन शिस्तपालन समितीकडे आणि आयोगाकडे जाऊ लागल्या. शिव्यांचे समर्थन मी करीत नाही; बायकामुलांसह सामना पाहावयास येणाऱ्या माणसाला स्वच्छ वातावरणाचा हक्क आहे. पण शिवी मोजणारा आणि टोळीचा माग काढणारा यांची कामे भिन्न आहेत, आणि पहिल्याच्या कागदांचा ढीग पाहून दुसऱ्याचे काम होत असल्याचा भास होतो.

याच कायद्याच्या बळावर राज्य शिट्टीकडेही परतले. 30 मे 2015 रोजी काम्प नोऊवर अ‍ॅथलेटिक आणि बार्सेलोना यांच्यात राजचषकाचा अंतिम सामना होता आणि राजा फेलिपे यांच्या समक्ष राजगीताला शिट्ट्या बसल्या. आयोगाने फुटबॉल महासंघास 1,23,000, बार्सेलोनास 66,000 आणि अ‍ॅथलेटिकला 18,000 युरोंचा दंड प्रस्तावित केला. पुढच्या वर्षी माद्रिदमधील सरकारी प्रतिनिधींनी कातालान स्वातंत्र्यवाद्यांचा ध्वज अंतिम सामन्यास नेण्यास बंदी घातली, आणि ती बंदी सामन्याच्या दोन दिवस आधी न्यायालयाने उठविली. 2018 च्या अंतिम सामन्यात बार्सेलोनाच्या चाहत्यांचे पिवळे सदरे पोलिसांनी दरवाजावर काढून घेतले. कातालान राष्ट्रवादाविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या पोलिसाची नजर सदऱ्याच्या रंगावर खिळली आहे त्याची नजर हातातल्या गजावरून घसरते.

वंशद्वेषाचा प्रश्न याहून निराळा, कारण तेथे आवाज हीच इजा आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये सारागोसा येथे सॅम्युएल एतो हा कृष्णवर्णीय खेळाडू वंशद्वेषी घोषणांमुळे मैदान सोडून निघाला होता आणि सहकाऱ्यांनी त्याची समजूत घातली. परंतु पुढील पंधरा वर्षांत अशा तक्रारींचे काय होत असे? सप्टेंबर 2022 मध्ये माद्रिदमधील स्थानिक लढतीच्या दिवशी व्हिनिसियस ज्युनियर या कृष्णवर्णीय ब्राझिली खेळाडूविरुद्ध दिलेल्या घोषणांची फिर्याद सरकारी वकिलांनी निकालात काढली. त्या घोषणा अशोभनीय होत्या हे मान्य करून, त्या काही सेकंदच चालल्या आणि तीव्र स्पर्धेच्या वातावरणात दिल्या गेल्या, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यानंतर लवकरच, 26 जानेवारी 2023 रोजी, माद्रिदमधील एका पुलावर त्याच खेळाडूचा पुतळा गळफास लावून टांगलेला आढळला. 21 मे 2023 रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर त्याने स्वतः आपल्याला शिव्या देणारे प्रेक्षक बोट करून पंचाला दाखविले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. आणि 10 जून 2024 रोजी तिघांना आठ महिन्यांची कैद व दोन वर्षांची मैदानबंदी झाली. फुटबॉलच्या मैदानावरील वर्णद्वेषी शिव्यांबद्दल स्पेनमध्ये झालेली ही पहिली फौजदारी शिक्षा. येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे: 15 डिसेंबर 2019 रोजी व्हायेकासच्या मैदानावर राय्यो आणि आल्बासेते यांचा सामना प्रेक्षकांच्या घोषणांमुळे मध्यंतराला तहकूब झाला, आणि त्या घोषणा एका युक्रेनी खेळाडूला नाझी म्हणणाऱ्या होत्या. ज्या देशात कृष्णवर्णीयांना वानराच्या आवाजात हिणविल्यावरही वर्षानुवर्षे सामने पुढे चालू राहिले, तेथे सामना थांबविण्याचा अधिकार पहिल्यांदा वापरावा तो या प्रसंगी, हे त्या खेळाडूंना किती लागले असेल!

आता पोलिसांच्या स्वतःच्या हातून घडलेल्या हिंसेकडे वळतो, कारण तिला टाळून केलेला आढावा अप्रामाणिक ठरेल. एप्रिल 2007 मध्ये सेव्हियाच्या मैदानावर टॉटनहॅमच्या चाहत्यांवर प्रेक्षागारातच लाठ्या चालल्या; 1 ऑक्टोबर 2008 रोजी काल्देरोनवर मार्सेयच्या चाहत्यांचा एक फलक काढण्याच्या हट्टावरून पोलीस पायऱ्यांत घुसले, आणि त्यातून उद्भवलेल्या हाणामारीबद्दल युरोपीय फुटबॉल महासंघाने अ‍ॅटलेटिकोवर कारवाई केली, तर एका फ्रेंच चाहत्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सामन्याच्या भर गर्दीत, खुर्च्यांच्या अरुंद रांगांत, एका कापडासाठी शिरस्त्राणधारी तुकडी उतरविणे यात कोणते शहाणपण होते?

परंतु या प्रकरणातील सर्वांत वेदनादायी घटना बिल्बाओची. 5 एप्रिल 2012 रोजी अ‍ॅथलेटिकने शाल्केशी बरोबरी साधून युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि सारे शहर रस्त्यावर उतरले. मैदानाजवळच्या एका अरुंद गल्लीत आनंदोत्सव चालला असताना किरकोळ भांडणाच्या खबरेवरून एर्त्साइन्त्साची तुकडी आली आणि रबरी गोळे झाडले गेले; त्यातील एक 28 वर्षांच्या एका तरुण चाहत्याच्या डोक्यावर बसला आणि चार दिवसांनी तो मेला. पुढे वायरलेसवरील संभाषण वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले, आणि त्यावरून असे दिसले, की जागेवरील पोलीस परिस्थिती शांत असल्याचे कळवीत असताना दूर कचेरीत बसलेला अंमलदार गल्लीत घुसून ती ताब्यात घेण्याचा हुकूम देत होता. खटला उभा राहण्यास सहा वर्षे लागली. नोव्हेंबर 2018 मध्ये एकाच अधिकाऱ्याला निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, इतर आरोपी सुटले, आणि ज्याचा आवाज वायरलेसवर होता तो अंमलदार आरोपींत नव्हताच. मृताच्या आईवडिलांनी ही सहा वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजविण्यात काढली. प्रेक्षकाच्या एका शिवीचा सेकंद, मिनिट आणि पायरी यांसह हिशेब ठेवणारे राज्य आपल्या अंमलदाराच्या प्राणघातक हुकुमाचा हिशेब देऊ शकत नाही, याचा मला संताप येतो. कातालोनियाने 30 एप्रिल 2014 पासून मोसोसना रबरी गोळे वापरण्यास मनाई केली आणि बास्क पोलिसांनीही ते मागे सारून फोमचे गोळे घेतले. राष्ट्रीय पोलीस मात्र ते अजून वापरतात.

पोलीसही या गर्दीत मरतात. 22 फेब्रुवारी 2018 रोजी त्याच बिल्बाओत, अ‍ॅथलेटिक आणि स्पार्ताक मॉस्को यांच्या सामन्यापूर्वी उसळलेल्या दंगलीत कर्तव्यावर असलेल्या एर्त्साइन्त्साच्या एका शिपायाचे हृदय बंद पडले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेनच्या पोलिसांनी आपल्या कर्तबगारीचा उत्तम नमुनाही दाखविला. ब्वेनोस आयरेसमध्ये बोका संघाच्या बसवर हल्ला झाल्यामुळे रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स यांचा दक्षिण अमेरिकेच्या क्लबचषकाचा अंतिम सामना तेथे होऊ शकला नाही, तेव्हा तो 9 डिसेंबर रोजी बेर्नाबेऊवर खेळविण्याचे ठरले. 4,000 हून अधिक माणसे बंदोबस्तास तैनात झाली हे खरे. पण यश आले ते संख्येने नव्हे. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना कास्तेयाना रस्त्याच्या दोन टोकांना जमण्यासाठी, गाण्यासाठी, खाण्यापिण्यासाठी स्वतंत्र जागा दिल्या होत्या. मैदानाच्या भोवती तिकिटांच्या तपासणीची एकामागोमाग एक कडी होती. आणि आर्जेन्टिनातून आलेल्या माहितीच्या आधारे बोकाच्या एका कुप्रसिद्ध म्होरक्यास विमानतळावरूनच परत धाडले गेले. जगातील अत्यंत कडव्या वैरांपैकी एक माद्रिदच्या रस्त्यावर आले, खेळले आणि शांतपणे निघून गेले. तीन आठवड्यांहून कमी अवधीत हे करता आले, तर रियासोर ब्लूजच्या बसगाड्या रात्रभर प्रवास करून माद्रिदला पोहोचतात हे का कळू नये?

एवढा अनुभव गाठीशी असूनही 29 सप्टेंबर 2024 रोजी माद्रिदच्या मेत्रोपोलितानो मैदानावर अ‍ॅटलेटिको आणि रिअल माद्रिद यांच्या सामन्यात दक्षिणेच्या पायऱ्यांवरून गोलरक्षक कूर्त्वा याच्यावर सिगारेट पेटविण्याचे लायटर आणि इतर वस्तूंचा मारा झाला, आणि पंचाने वीस मिनिटांच्या आसपास सामना थांबविला. त्या वेळी अ‍ॅटलेटिकोचा कर्णधार कोके आणि प्रशिक्षक सिमेओने हे पायऱ्यांजवळ जाऊन बुरखे घातलेल्या तरुणांची मनधरणी करताना साऱ्या जगाने पाहिले. ही माणसे त्याच फ्रेंतेची होती, ज्याची मान्यता दहा वर्षांपूर्वी काढून घेण्यात आली होती. नोंदवहीतून त्याचे नाव गेले, पायऱ्यांवरील त्याची जागा गेली नाही. शिस्तपालन समितीने 45,000 युरो दंड आणि तीन सामन्यांसाठी त्या भागास टाळे ही शिक्षा दिली, आणि क्लबने ओळख पटलेल्यांना कायमची बंदी करून बुरख्यांनाही मज्जाव केला.

हे चित्र पालटावयाचे असेल, तर एखादा सामना अतिजोखमीचा ठरविला किंवा ठरविला नाही, याची कारणे आयोगाने सामन्यानंतर लेखी प्रसिद्ध करावीत. बंदोबस्तातील प्रत्येक वायरलेस हुकूम जतन व्हावा आणि इजा झाल्यास हुकूम देणाऱ्याचा जाबसाल प्रथम व्हावा. आणि मान्यता गेलेल्या गटाला जागा देणाऱ्या क्लबचालकांना, क्लबच्या तिजोरीतून नव्हे, तर स्वतःच्या खिशातून दंड भरावा लागावा. फास्फे या नावाने संघटित झालेले स्पेनमधील सामान्य चाहते व भागधारक कित्येक वर्षे असा आग्रह धरून आहेत, की त्यांच्याविषयीचे निर्णय घेताना त्यांचेही म्हणणे ऐकले जावे. पेन्यांच्या खानावळींतून कोणती बस कोठून सुटणार आणि तीत कोण बसणार, हे पोलिसांच्या कितीतरी आधी त्यांना ठाऊक असते.